धुळ्यातली खरी कुस्ती

लग्न होऊन जळगावला आले तेव्हा कुस्तीतलं मला काही कळत नव्हतं. माझं माहेर धुळ्याचं. सासरे एके काळचे नावाजलेले पैलवान आहेत आणि आता तिकीट लावून दंगली भरवतात, एवढंच स्थळ आलं तेव्हा सांगितलं गेलं होतं. त्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, म्हणून मीही आबाच म्हणू लागले. नवऱ्याला या धंद्याची आवड नव्हती. ते बँकेत होते, सावद्याच्या शाखेत. सकाळी जात आणि दिवेलागणीला येत. मी बी.कॉम. झालेली आणि घरात रिकामी. एकदा आबांना करमणूक कराच्या कचेरीत तिकिटांवर शिक्के मारून आणायचे होते आणि तिथला साहेब काहीतरी नियम काढून अडवत होता. मी बरोबर गेले, अर्ज नीट लिहून दिला, काम झालं. त्या दिवसापासून परवानग्या, पोस्टरं, हँडबिलं, लाउडस्पीकरची रिक्षा हे सगळं माझ्याकडे आलं. ते ऐंशीचं दशक उतरणीला लागण्याआधीचे दिवस होते. दंगल म्हटली की बैलगाड्या भरून माणसं येत.

आखाड्यात जे दिसतं ते आधी आमच्या पुढच्या खोलीत ठरतं, हे मला वर्षभरानं कळलं. चहा घेऊन गेले तर आबा लोडाला टेकून बसलेले आणि समोर दोन पैलवान मांडी घालून. आबा सांगत होते, "आधी तू दोनदा खाली ये. तिसऱ्यांदा त्याच्यावर स्वार हो. मग पंच सोडवतील. बरोबरी." दोघं माना हलवत होते. मी ट्रे हातात घेऊन तशीच उभी राहिले.

ठरवून केलेल्या कुस्तीला लोक नुरा म्हणतात. तो शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नसे. आमच्याकडे 'बोली' म्हणत. बोली झाली, बोली मोडली, बोलीप्रमाणे झालं. दुपारपासून ज्या लहान-मध्यम कुस्त्या लागत त्या सगळ्या खऱ्या असत. पोरं जीव तोडून लढत. बोली व्हायची ती फक्त शेवटच्या, मोठ्या जोडीची, जिच्यासाठी पोस्टर छापलेलं असे.

त्या दिवशी पैलवान गेल्यावर मी आबांना विचारलं, "ही लोकांची फसवणूक नाही का?"

आबा रागावले नाहीत. म्हणाले, "बाई, हाडं खरी असतात. पडतो तो खराच पडतो. मी फक्त कुणी कधी पडायचं ते सांगतो. खरी लावली तर एकजण एका मिनिटात जिंकेल, दुसऱ्याचा हात मोडेल, आणि पुढच्या महिन्यात धुळ्याला मी कुणाला घेऊन जाऊ?"

माझं समाधान झालं नाही, पण कामही मी सोडलं नाही.

ती मोठी जोडी म्हणजे दोन माणसं. एक मेहरूणचे पैलवान. मुसलमान घरचे, पत्र्याच्या पेट्या बनवण्याचं त्यांचं पिढीजात काम. तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुकान होतं. बोलणं अगदी हळू, आणि मला भाभी म्हणत. वय चाळिशीकडे झुकलेलं. दुसरा धुळ्याचा पैलवान. तो धुळ्याजवळच्या खेड्यातला, बौद्ध कुटुंबातला. वडील शाळेत शिक्षक होते आणि मुलानं कुस्ती करावी हे त्यांना मुळीच पसंत नव्हतं. तो माझ्याहून पाचसहा वर्षांनी लहान होता. मी धुळ्याची म्हणून मला अक्का म्हणायचा आणि माझ्याशी अहिराणीच बोलायचा. त्याचा घुटना प्रसिद्ध होता. समोरचा पैलवान खाली रांगता आला, की हा त्याच्या मानेवर गुडघा रोवायचा आणि जांघियाला धरून त्याला उलटा करायचा. तो डाव दिसला की धुळ्याचं सगळं मैदान उभं राहायचं.

जळगाव विरुद्ध धुळे, थोरला विरुद्ध धाकटा, असं आबांनी ते बेतलं होतं. जळगावात धाकट्यानं मार खायचा, धुळ्यात थोरल्यानं. मधे बरोबरी, मधे पंचांशी वाद, मधे पावसानं थांबलेली कुस्ती. चार-पाच वर्षं ही जोडी आबांनी चालवली, आणि स्वच्छ निकाल कधीच लागू दिला नाही.

लोकांच्या दृष्टीनं ते दोघं वैरी होते, त्यामुळे त्यांना चारचौघांत बोलायचीसुद्धा मुभा नव्हती. दोघं वेगवेगळ्या एस.टी.नं येत. स्टँडवर समोरासमोर आले तर तोंडं फिरवीत. प्रत्यक्षात धाकट्याला घडवलं होतं ते थोरल्यानंच. आमच्या मागच्या अंगणात गादी टाकून, मान आत घेऊन कसं पडायचं, समोरच्याला न दुखवता जोरात कसं आपटायचं, हे त्यांनी त्याला तासन् तास शिकवलं. सराव झाला की दोघं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून भाकरी आणि शेवेची भाजी खात. धाकट्याचं लग्न ठरलं तेव्हा थोरल्यांना जाता येईना. तर ते लग्नाच्या आदल्या सकाळी, पाहुणे यायच्या आत, त्याच्या गावी गेले आणि स्वतः बनवलेली निळ्या रंगाची पेटी नवरीसाठी ठेवून उलट पावली परत आले.

मग नशिराबादच्या यात्रेत तो अपघात झाला. तिथली माती घाईघाईत केलेली होती, नीट मळलेली नव्हती. कुस्तीही बोलीचीच. धाकट्यानं ठरल्याप्रमाणे उचलून टाकलं आणि थोरले डोक्यावर आले. उठले, हात वर केला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणाला काही कळलं नाही. महिन्याभरात त्यांचा उजवा हात बधिर होऊ लागला. पत्रा ठोकताना हातोडी निसटायची.

मी त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे गेले होते, कारण घरी बायकोला सांगायचं नव्हतं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि विचारलं, "काम काय करता?"

"पेट्या बनवतो," पैलवान म्हणाले.

"खोटं सांगू नका. मानेचा मणका सरकलाय. पुन्हा असं पडलात तर गळ्याखाली काही हलणार नाही."

आबांनी त्याच संध्याकाळी दोघांना बोलावलं. निर्णय त्यांनी आधीच घेतलेला होता. थोरल्यांनी थांबायचं. पण गुपचूप नाही. धुळ्याला शेवटची मोठी दंगल लावायची, धाकट्यानं त्यांना अलगद चितपट करायचं, थोरल्यांनी आपल्या हातानं त्याला फेटा बांधायचा. म्हणजे थोरले मानानं घरी जातील आणि धाकट्याचं नाव दुप्पट होईल. त्याच्याशी लावायला नवीन जोड आबांनी हेरूनही ठेवला होता. धंद्याच्या दृष्टीनं त्यात काही चूक नव्हती. मला तर ते दयाळूपणाचंही वाटलं.

थोरल्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आबा, एक मागणं आहे. ही खरी लावा."

आबांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काय?"

"बोली नको. इतकी वर्षं मी याच्याशी लढलो. हा मला पाडू शकतो की नाही, मला माहीत नाही. याला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही. घरी बसल्यावर रोज तोच विचार येईल."

"डॉक्टर काय म्हणाले ते सुनबाईनं मला सांगितलंय."

"मान माझी आहे."

धाकटा इतका वेळ खाली बघत होता. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "अक्का, त्यासनी मान मोडेल शे. सांगा ना त्यासले."

मी सांगितलं. नको म्हणाले, हात जोडले. थोरल्यांनी माझ्याकडे फक्त पाहिलं आणि धाकट्याला विचारलं, "तुला जाणून नाही घ्यायचं?"

त्यानं नजर पुन्हा खाली वळवली. त्यातच होकार होता, हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं. त्यानं कधी स्वतःच्या बळावर मोठी कुस्ती जिंकली नव्हती, किंवा जिंकली असेल तर तसं त्याला ठाऊक नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "मानले हात लावानं नही. घुटना नही. हाई मनी बोली शे."

"मग ती खरी कशी?" थोरले म्हणाले.

"तेवढंच माले कबूल शे."

बराच वेळ वाद झाला. आबा उठून अंगणात गेले, परत आले, पुन्हा गेले. ते स्वतः लाल मातीत वाढलेले. मला वाटतं, धंदेवाला आबा नको म्हणत होता आणि पैलवान आबाला ती कुस्ती बघायची होती. शेवटी ते म्हणाले, "घुटना नाही, मानेला हात नाही. बाकी जे होईल ते होईल. हे या खोलीबाहेर जाणार नाही. पंचांनासुद्धा नाही."

धुळ्याला मैदान खच्चून भरलं. पांझरेच्या बाजूनं वारा येत होता आणि कनाती फडफडत होत्या. मी पैलवानांच्या राहुटीजवळ खुर्ची टाकून बसले. माझे दोन्ही भाऊ पहिल्या रांगेत होते. आपल्या बहिणीच्या सासरची दंगल म्हणून ते सगळ्यांना मिरवून सांगत होते.

खरी कुस्ती दिसायला कशी असते, हे मला त्या दिवशी कळलं. दोघांनी कपाळाला कपाळ लावलं आणि तसेच उभे राहिले. हात एकमेकांच्या मनगटांवर, पायांची बोटं मातीत रुतलेली. एखादा पाय इंचभर पुढे, मग मागे. उचलणं नाही, आपटणं नाही, आरोळी नाही. दोघांच्या पाठी घामानं चमकत होत्या आणि दंड थरथरत होते, पण ते जवळ बसलेल्यालाच दिसत होतं. लोकांना या जोडीच्या उड्यांची, फेकाफेकीची सवय. थोड्याच वेळात मागून शिट्ट्या सुरू झाल्या. मग कुणीतरी ओरडलं, "नुरा!" आणि तो शब्द मैदानभर पसरला. "नुरा! नुरा!"

आबा माझ्याशेजारी उभे होते. त्यांना ते ऐकूच येत नव्हतं. त्यांचे डोळे आखाड्यावर खिळले होते आणि त्यांच्या हातांच्या मुठी आपोआप वळत होत्या.

धाकट्यानं एकदम खाली वाकून त्यांचा एक पाय ओढला, एकेरी पट काढला. थोरले पडले, पण पालथे. रांगत आखाड्याच्या कडेकडे सरकू लागले. हा पाठीवर बसला. मान समोर उघडी होती. मैदान उभं राहिलं. शिट्ट्या थांबल्या आणि हजार तोंडांतून एकच शब्द आला, "घुटना!"

त्याचा गुडघा वर गेला. सवयीनं गेला असेल, मी त्याला दोष देत नाही. मानेवर टेकला. एक क्षणभर टेकलेला मी पाहिला. आणि मग त्यानं तो उचलला, मागे घेतला.

त्या वेळी त्याचा तोल एका बाजूला होता. थोरल्यांनी त्याचा दंड काखेत आवळला आणि गर्रकन वळून बांगडीचा डाव मारला. धाकटा त्यांच्या अंगावरून फिरून पाठीवर आला. दोन्ही खांदे मातीला. पंचांनी शिट्टी फुंकली.

धुळेकरांनी काय पाहिलं? आपल्या पैलवानानं हमखास जिंकणारा डाव लावला, आणि स्वतःच्या हातानं सोडून दिला. आपल्याच गावात. पहिली सोडावॉटरची बाटली आखाड्यात येऊन फुटली. मग चपला, विटांचे तुकडे. कनाती फाटल्या. पोलिसांनी लाठ्या उगारल्या. माझा मोठा भाऊ माझा दंड धरून मला ओढत बाहेर नेत होता आणि ओरडत होता, "तुम्ही लोकांनी आम्हाला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही!"

मी त्याचा हात सोडवून राहुटीत परत गेले. थोरले जमिनीवर बसले होते, मान एका हातानं धरून. जिंकलेल्या माणसाचा चेहरा तो नव्हता. ते धाकट्याला म्हणत होते, "का सोडलंस? टेकला होता ना गुडघा?"

"बोली तशी व्हती."

"आता मी जिंकलो की तू? सांग. मी काय समजू?"

धाकट्याच्या कपाळातून रक्त येत होतं, बाटलीची काच लागलेली. आबांनी स्वतःचा रुमाल त्याच्या जखमेवर दाबून धरला.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. धुळ्यात, शिरपुरात, साक्रीकडे, जिथं तिथं एकच बोललं जाई की धुळ्याचा पैलवान विकला गेला. त्याच्या सासरच्यांनी तोंडावर विचारलं, किती मिळाले. यात्रांची आमंत्रणं थांबली. तो एकदा आमच्याकडे आला आणि उंबऱ्याशी बसून म्हणाला, "अक्का, बठ्ठा लोके म्हणतस, मी इकाई गऊ." पुढ्यात ठेवलेल्या ताटाला त्यानं हात लावला नाही.

मी आबांकडे गेले. म्हटलं, "हँडबिल काढू. ही कुस्ती खरी होती, थोरल्या पैलवानांच्या मानेला इजा आहे, म्हणून यानं डाव सोडला, असं सरळ छापू. डॉक्टरांचं नाव घालू. पोराची अब्रू वाचेल."

आबांनी नकारार्थी मान हलवली. मग म्हणाले, "ही खरी होती असं छापलं, तर बाकीच्या काय होत्या ते न छापताच कळेल. दोघांच्या सगळ्या कुस्त्या खोट्या ठरतील. त्याची एक कुस्ती वाचवायला मी दोघांचं आयुष्य पुसू का?"

"पण तो तर आताच पुसला गेलाय."

"माहीत आहे," आबा म्हणाले. "त्याला बोलाव. त्यालाच विचारू."

धाकट्याला बोलावलं. आबांनी दोन्ही बाजू त्याच्यापुढे मांडल्या. त्यानं विचार करायला वेळही घेतला नाही. थोरल्यांचं नाव जाईल असं काही छापायचं नाही म्हणाला, आणि उठून एस.टी. पकडायला गेला.

हे थोरल्यांना कुणीतरी सांगितलं, बहुधा आबांनीच. ते दुसऱ्या दिवशी धुळ्याला गेले. बाजारातल्या ऐन चौकात, हॉटेलच्या बाहेरच्या बाकड्यावर धाकट्याला शेजारी बसवून त्यांनी चहा मागवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते दोघं लोकांसमोर एकत्र बसले. लोकांनी बघावं, विचारावं, मग आपण सांगू, असं त्यांच्या मनात होतं. कुणी काही विचारलं नाही. जाता जाता एकजण मोठ्यानं म्हणाला, "बघा, वाटणी चालू आहे."

परत आल्यावर त्यांनी मला हे सांगितलं तेव्हा ते हसत होते, पण पाण्याचा पेला त्यांना धरता येत नव्हता.

आबांनी पुन्हा दंगल भरवली नाही. नवीन जोड हेरलेला होता, त्याला त्यांनी नाही म्हणून कळवलं. पुढे घराघरांत केबल आली, परदेशी कुस्त्या दिसू लागल्या, आणि गल्लीतली पोरं त्यांतल्या पैलवानांची नक्कल करत एकमेकांना गाद्यांवर आपटू लागली. आबा ते बघत ओट्यावर बसत. धाकटा धुळ्याला जिनिंग मिलमध्ये लागला, कापसाच्या गाठी उचलायला, आणि काही वर्षांनी मुकादम झाला.

नव्वदच्या दशकात आबा गेले. धाकट्याला कळवायला मी स्वतः धुळ्याला गेले. मिलच्या फाटकाशी तो आला, केसांत कापसाचे तंतू अडकलेले. ऐकून तिथंच दगडावर बसला. बरेच दिवस शहरात काढल्यामुळे त्याची भाषा आता आमच्यासारखी झाली होती. बोलता बोलता धुळ्याच्या त्या दिवसाचा विषय निघाला, तो त्यानंच काढला.

"अक्का, गुडघा मी बोलीमुळे नाही उचलला. त्या वेळी बोली आठवायला डोकं कुठं ठिकाणावर होतं? मला फक्त जिंकायचं होतं. गुडघा टेकवला, आता दाबणार, तर ते खालून म्हणाले, 'दाब.' एवढंच. 'दाब रे.' मला ऐकू आलं आणि माझ्या पायातला जोरच गेला."

मी विचारलं, "त्यांना माहीत आहे, तुला ऐकू आलं ते?"

"नाही. एवढ्या गोंगाटात मला ऐकू गेलं नसेल असंच त्यांना वाटतं. मी बोली पाळली, असं ते अजून मानतात. राहू द्या तसंच."

मी थोरल्यांना कधी सांगितलं नाही.

आबांच्या तेराव्याला दोघं आले. मांडवात जळगावचे जुने वस्ताद, पंच, तालमीतली माणसं बसली होती. हे दोघं येऊन एका पंगतीला शेजारी शेजारी बसले. थोरल्यांचा उजवा हात तोवर फारसा कामाचा राहिला नव्हता. मी वाढत पुढे आले तेव्हा धाकट्यानं त्यांच्या ताटातली पोळी कुस्करून वरणात कालवली आणि ताट त्यांच्या डाव्या हाताशी सरकवलं. मग त्यानं स्वतःचं जेवण सुरू केलं. थोरले मला म्हणाले, "भाभी, याला भात वाढा. हा मागून घेणार नाही."

मी त्याच्या पानात भात वाढला.